वॉल्टरच्या कोटातला मी

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. माझ्या बाकी सगळ्या खोडी ती ओळखून आहे — ही नाही. आणि आता सांगतोय ते मन हलकं व्हावं म्हणून नव्हे. माझा मलाच संताप येतो, म्हणून.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आम्ही ओहायोत, डब्लिनला राहायचो. वॉल्टर माझ्याच ऑफिसात, शेजारच्या टेबलावर. काळा माणूस, उंच, सावकाश चालणारा. बर्फात गाडी चालवायला मला त्यानं शिकवलं. त्याच्या लहानपणी काळ्या नायकांचे मारधाडीचे सिनेमे यायचे — लांब चामडी कोट, फुगवलेले केस, गोऱ्या गुंडांची धुलाई. आता त्या सिनेमांची टिंगल करणारा सिनेमा लागला होता, काळ्या लोकांनीच काढलेला. वॉल्टर मला घेऊन गेला. नायक ऐटीत वळतो आणि त्याचा कोट गाडीच्या दारात अडकतो — वॉल्टर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. बाहेर आल्यावर म्हणाला, आपल्यासारखा माणूस पडद्यावर जिंकताना मी पहिल्यांदा त्या जुन्या सिनेमांतच पाहिला. त्याचं हसणं घरातलं होतं, आपल्याच माणसांवरचं. हे मला तेव्हा कळलं नव्हतं का? चांगलं कळलं होतं.

तरी आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत मी त्यावर प्रहसन बसवलं. नायक अर्थात मीच. बायकोचं काजळ तोंडभर फासलं, विग चढवला, काळा चष्मा लावला — आणि अंगात वॉल्टरचा कोट. त्याच्या थोरल्या भावाचा होता तो, भाऊ गेल्यावर त्यानं जपून ठेवलेला. डिटेक्टिव्हचं नाटक आहे, असं सांगून मी मागून आणला होता. आपलं मराठी इथं कोणाला कळतंय — हा माज! शाळेच्या हॉलमध्ये डॉक्टर, इंजिनिअर, काकू, मावश्या पोट धरून हसत होते. आणि मी नक्कल कोणाची करत होतो? सिनेमातल्या नायकाची? छे. ती सावकाश चाल, ते हेल — सगळं वॉल्टरचं.

तो दुसऱ्या रांगेत बसला होता. मोदक खायला या, म्हणून बायकोनं मला न सांगताच बोलावलं होतं. मी गिरकी घेतली तेव्हा मला तो दिसला, पुन्हा वळलो तेव्हा खुर्ची रिकामी. तोंड धुऊन त्याच्यामागे धावायला हवं होतं. नाही धावलो. टाळ्या घेतल्या.

सोमवारी त्यानं विचारलं, "हू वॉज दॅट मॅन इन माय ब्रदर्स कोट?"

त्यानं मला ओळखलंच नव्हतं! आणि मी — किती पटकन — म्हणालो, शिरीष. नागपूरचा इंजिनिअर, मंडळात नवीन. तो बिचारा त्या दिवशी पडद्यामागे टेपरेकॉर्डर सांभाळत होता. तो असलं काही करेल याची मला कल्पना नव्हती, असंही वर म्हणालो. वॉल्टरनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. माझ्या! कॉलरला लागलेल्या काजळाची मी माफी मागितली — शिरीषच्या वतीनं.

पुढच्या उन्हाळ्यात आमच्या बॅकयार्डमधल्या पार्टीत शिरीषनं वॉल्टरपुढे हात केला. वॉल्टरनं पाठ फिरवली. शिरीषचा चेहरा खर्रकन उतरला. मग मला बाजूला घेऊन म्हणाला, "काय यार, ही माणसं अशीच. आपण कितीही फ्रेंडली राहा." मी मान डोलावली.

वॉल्टर जाऊन बरीच वर्षं झाली. शेवटपर्यंत मला मित्र म्हणायचा. शिरीष आता आजोबा झालाय. परवा त्याच्याकडे जेवायला गेलो होतो. कॉलेजला निघालेल्या नातीला तो बजावत होता — मी चांगला हात पुढे केला, आणि त्या माणसानं काय केलं! तेव्हा त्या लोकांपासून जरा जपून राहा.

"आजोबा, दॅट्स रेसिस्ट," ती म्हणाली.

शिरीषनं माझ्याकडे बोट केलं. "यांना विचार. यांच्याच घरी झालं."

ती माझ्याकडे बघत होती.

मी म्हणालो, "हो. झालं खरं."