आधी घर सांगा

"भाव नंतर सांगते. आधी घर सांगा."

दुकानात शिरलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला बाई हे एवढंच म्हणायच्या आणि हातातली पेन्सिल खाली ठेवायच्या. गिऱ्हाईक बिचारं पाण्याच्या हीटरचा भाव विचारायला आलेलं असायचं. त्याला वाटायचं, घर म्हणजे पत्ता. तो पत्ता सांगायचा. मग बाई विचारायच्या, "माणसं किती? म्हातारं कुणी आहे? पहिली आंघोळ किती वाजता, आणि शेवटची किती वाजता?" एवढं सगळं सांगून झालं की त्या उठायच्या, ओळीने लावलेल्या हीटरांसमोरून चालत जायच्या आणि एकावर हात ठेवायच्या. "हा."

बहारीनला हीटर कशाला, असं तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हणत आलो होतो. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी इतकं तापतं की आम्ही हीटर बंद ठेवून त्याच्यातलं निवलेलं पाणी आंघोळीला घ्यायचो. पण डिसेंबर उजाडला, समुद्रावरून वारा सुटला, की तेच पाणी हाडात शिरायचं. शिवाय तिथलं पाणी खारं. लोखंडाची टाकी ते आतून खात बसायचं, आणि दर थंडीत कुणाचा ना कुणाचा हीटर फुटायचा. तुबलीतलं आमचं दुकान त्यावरच चालायचं.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी पुण्याहून कॉमर्सची पदवी घेऊन आलेला, कोटेशनं टाइप करणारा कारकून. बाई वसईच्या, सातवी शिकलेल्या. नवरा एका हॉटेलात स्वयंपाकी. त्या आल्या होत्या फोन घ्यायला आणि चहा करायला. फोनवर सगळ्यांच्या तक्रारी ऐकता ऐकता, आणि परत आलेले हीटर मेकॅनिकबरोबर उघडून बघता बघता, त्यांना ते काम आलं. मी रुजू झालो तेव्हा काउंटरवर त्या होत्या आणि चहा मेकॅनिक करत होता. आम्ही सगळे त्यांना बाई म्हणायचो. आमच्या अरबाबला, म्हणजे मालकाला, ते त्यांचं नावच वाटायचं.

सातवी शिकलेल्या बाईंच्या हाताखाली काम करणं मला पहिले काही दिवस जड गेलं. मग एकदा बँकेतला एक नवविवाहित मराठी अधिकारी आला. त्याला दुकानातला सगळ्यात मोठा हीटर हवा होता. बाईंनी घर विचारलं आणि सगळ्यात लहान दाखवला.

"मला पैशांचा प्रश्न नाही," तो म्हणाला.

"विजेचा आहे ना? दोघांना दहा गॅलन पुरे. घरात पाळणा हलला की या, हा परत घेऊन मोठा देते."

तो जरा लाजला आणि लहान हीटर घेऊन गेला. अरबाब आतल्या खोलीतून बघत होता. "ही बाई मला भिकेला लावणार," तो मला म्हणाला. पण दीड वर्षाने तोच अधिकारी पेढे घेऊन आला आणि मोठा हीटर घेऊन गेला. बरोबर त्याच्या बँकेतले आणखी तिघे होते.

बाईंना स्वतःच्या कामाचा अभिमान होता आणि तो त्या लपवत नसत. बसमधून मुहर्रकला जाताना खिडकीतून एखाद्या इमारतीकडे बोट दाखवायच्या. "इथं माझे नऊ." जरा पुढे गेल्यावर, "त्या निळ्या दारवाल्यांकडे एक. पाच वर्षं झाली, थेंब गळला नाही." दुसऱ्या बायका लेकरांविषयी बोलतात तशा त्या बोलायच्या.

मोठ्या कोटेशनबरोबर दुकान एक पत्र द्यायचं, की हा हीटर इथल्या पाण्याला चालेल असा आहे. खाली सही बाईंची. गिऱ्हाइकं ती सही बघून घ्यायला लागली होती.

एकदा बुसैतीनमधल्या एका इमारतीचं काम आलं. चोवीस फ्लॅट, सगळ्यांचे हीटर बदलायचे. कंत्राटदाराला दुकानातला सगळ्यात स्वस्त माल हवा होता, आणि त्यावर बाईंच्या सहीचं पत्रही. बाईंनी पत्र वाचलं आणि परत अरबाबच्या टेबलावर ठेवलं.

"ह्याची टाकी पातळ आहे. दोन वर्षांत गळेल. मी सही नाही करत."

"विकायचा तर आहेच, दुकानात ठेवलाय."

"विका. चालेल असं मी लिहून देणार नाही."

"खलास," अरबाब म्हणाला आणि कागद माझ्यापुढे सरकवला. "तू कर."

माझा व्हिसा पुढच्याच महिन्यात नवा करायचा होता. त्यावर सही अरबाबची लागणार होती. बहिणीचं लग्न ठरलेलं. मी बाईंकडे न बघता सही केली.

संध्याकाळपर्यंत मी काउंटरकडे गेलो नाही. घरी जायच्या वेळी त्याच आल्या. मला वाटलं, आता काहीतरी ऐकावं लागणार.

"शुक्रवारी सकाळी काय करतोस रे पुणेकर?"

"काही नाही. झोपतो."

"चर्चमधली माझी मिस्सा संपली की बुसैतीनला ये. बादली घेऊन ये."

"बाई, सही मी केली आहे. तुम्ही कशाला—"

"सही तू केलीस. आंघोळ त्या घरातल्या बायका करणार. त्यांनी काय केलंय?"

हीटर बसवून झाले आणि आमचे शुक्रवार सुरू झाले. दर तीन-चार महिन्यांनी आम्ही चोवीस दारं ठोठावायचो. कुणी केरळचं, कुणी पाकिस्तानातलं, दोन घरं गोव्याची, खालच्या मजल्यावर एक बहारीनी कुटुंब. बाई टाकीतलं पाणी खालच्या नळाने सोडायच्या. आधी चहासारखं लाल, मग स्वच्छ. बादल्या मी वाहायचो. हीटरच्या आत एक लांब कांडी असते. खारं पाणी टाकीच्या आधी ती कांडी खातं. ह्या स्वस्त हीटरमधली कांडी करंगळीएवढी होती. बाईंनी दुकानात परत आलेल्या जुन्या हीटरमधल्या जाड, धड कांड्या जमवल्या होत्या. त्या एकेक करून बसवल्या. घरातल्या बाईला जवळ बोलावून सुरक्षेच्या झडपेची दांडी तिच्या हाताने उचलायला लावायच्या. "महिन्यातून एकदा. पाणी उडालं की समजायचं, ठीक आहे. नाही उडालं तर वीज बंद कर आणि मला फोन कर." हे त्या कोणत्या भाषेत सांगायच्या ते मला आजही सांगता येणार नाही. हिंदी, थोडी अरबी, बाकी हातवारे. पण सगळ्यांना कळायचं.

एकदा परत येताना मी म्हटलं, "बाई, मी भित्रा निघालो."

"तुझ्या घरी लग्न होतं. मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "बादली नीट धर, पायावर सांडतेय."

दोन वर्षं उलटून गेली. एका सकाळी त्या इमारतीचा मालक दुकानात आला. म्हातारा, पांढरा पायघोळ थोब घातलेला, हातात आमचं ते पत्र. त्या कंत्राटदाराने त्याच्या आणखी एका इमारतीत दुसऱ्या दुकानातून हेच हीटर बसवले होते. तिथले एकामागून एक गळले, छतांचे पोपडे पडले. बुसैतीनचे मात्र सगळे धड. त्याला दुसऱ्या इमारतीसाठी नवे हीटर हवे होते, आणि ज्याने हे पत्र दिलं त्याच्याच हातून.

अरबाबने कौतुकाने माझ्याकडे बोट केलं.

मी उठून उभा राहिलो. "सही माझी आहे," मी म्हणालो. "काम बाईंचं आहे. त्यांनी सही द्यायला नकार दिला होता, आणि मग दोन वर्षं शुक्रवारी जाऊन ते हीटर जगवले."

अरबाबला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तो बाईंकडे वळला. "मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलं नाही."

म्हातारा मोठ्याने हसला. अरबाबच्या समोरची खुर्ची सोडून तो काउंटरपाशी स्टुलावर जाऊन बसला आणि बाईंना भाव विचारला. बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. पुढचा तासभर तो आपल्या बत्तीस भाडेकरूंची घरं एकेक आठवून सांगत होता. कुणाकडे किती मुलं, कुणाची आई अंथरुणाला खिळलेली. शेवटी बाईंनी दिलेला आकडा त्याच्या अंदाजापेक्षा कमी होता, कारण निम्म्या घरांना लहान हीटर पुरणार होते. ज्या टाक्या दिल्या त्या मात्र जाड. अरबाबने दोनदा चहा मागवला. म्हातारा गेल्यावर तो मला म्हणाला, "यापुढे ज्यावर बाई सही देणार नाही, तो माल मागवायचा नाही." दुसऱ्या दिवशी स्वस्त हीटरांची ओळ दुकानातून हलली. मी बाईंकडे बघितलं. त्या फोनवर कुणाची तरी तक्रार ऐकत होत्या.

पुढे काही वर्षांनी बाईंचा नवरा काम करायचा ते हॉटेल बंद झालं आणि दोघं वसईला परत गेली. काउंटर माझ्याकडे आला. त्यानंतरच्या पहिल्याच थंडीत एक बहारीनी कोळी आला. बुसैतीनच्या किनाऱ्यावरचा, पन्नाशीचा. त्याचा हीटर बिघडला होता. त्याने बाईंची चौकशी केली. मी सांगितलं, त्या गेल्या, कायमच्या. मग मी त्याला तीन हीटर दाखवले, भाव सांगितले, त्यातला कोणता चांगला तेही सांगितलं. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"तू तिला पत्र लिहितोस?"

"लिहितो अधूनमधून."

"मग विचार तिला. मी थांबतो."

मी म्हटलं, पत्र जायला दहा दिवस, उत्तर यायला दहा दिवस. तोवर गार पाण्याने आंघोळ करणार का?

"मफी मुश्किल," तो म्हणाला. काही अडचण नाही. आणि स्टूल ओढून बसला, घरातली माणसं लिहून घे म्हणाला.

मी कागद घेतला.