आणखी कुठं लावलंस?

कुंदाताई पेशंटला ‘कशी आहेस’ असं कधी विचारायच्या नाहीत. आधी मनगट धरून हुंगायच्या. धामणकर नाक्याजवळच्या स्किनच्या दवाखान्यात उजेडाच्या मशीनवर त्यांची ड्युटी. हुंगून झालं की प्रश्न, “गोळी कवा घेतली?” कोडाच्या त्या उपचारात आधी गोळी घ्यायची आणि दोन तासांनी मशीनच्या कपाटात उभं राहायचं. गोळीमुळे कातडी उजेड जास्तच पकडते. थोडा उजेड मिळाला तर औषध, जास्त झाला तर भाजणं. “सूर्य काय नि माझी मशीन काय, दोघांनाबी दया न्हाय,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

माझ्या दोन्ही हातांवर पांढरे डाग. मी साडीच्या दुकानात काउंटरला होते. मालकांनी उचलून मागे घड्या घालायला बसवलं. “गिऱ्हाईक बघतं गं,” म्हणाले. दिवाळीच्या आत हात सुधारले तर पुन्हा काउंटर, नाहीतर तिथंच. मी अगदी घायकुतीला आले होते. आईने बावचीचं तेल आणलं. कोडावर आमच्याकडे सगळेच लावतात. म्हटलं, गोळीही घेऊ, तेलही लावू, दुप्पट गुण येईल. अक्कल पाजळली, दुसरं काय!

त्या दिवशी कुंदाताईंनी मनगट हुंगलं आणि त्यांचा चेहराच उतरला.

“बावची?”

मी हात मागे घेतला.

“अगो, गोळीत हाय तेच या तेलात हाय! मशीन लावली असती तर हातांची सालं निघाली असती.”

मला ओढतच बेसिनपाशी नेलं. तीनदा साबण लावून हात धुतले.

“आणखी कुठं लावलंस?”

डाव्या पावलावर एक डाग होता. त्यावरही तेल चोपडलेलं होतं. पण त्या दिवसाची मशीन हुकली, वर सगळ्यांसमोर ओरडा खाल्ला, माझं डोकं फिरलेलं.

“कुठं नाही.”

“खरं सांग गो. भायेर ऊन कसलं हाय बघ.”

“नाही म्हटलं ना!”

त्यांनी स्वतःची ओढणी माझ्या हातांना गुंडाळली. ऊन उतरेपर्यंत बस म्हणाल्या. मी बसते कसली! तरातरा निघाले. शेअर रिक्षा अर्धा तास मिळाली नाही. भर दुपारी, चपलेत, उघड्या पावलाने उभी राहिले.

तिसऱ्या दिवशी पाऊल टरारून फुगलं, हे मोठे फोड. जमिनीला टेकवेना. कळल्यावर कुंदाताई पूर्णा गावात आमच्या घरी आल्या. आई तेलाची बाटली फेकायला निघाली, तर म्हणाल्या, “ऱ्हाऊ द्या. बाटली खोटं न्हाय बोलली.”

मला एक शब्द नाही. ड्रेसिंग केलं आणि गेल्या. मी हमसून हमसून रडले. तीन आठवडे त्या एक दिवसाआड येत राहिल्या, तशाच गप्प. दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. उपचार थांबले, दिवाळी गेली, काउंटरवर दुसरी मुलगी आली.

पाऊल बरं झाल्यावर उपचार पुन्हा सुरू झाले, अधूनमधून वर्षानुवर्षं चालले. गेल्या वर्षी कुंदाताई हार्ट अटॅकने गेल्या. त्यानंतर पहिल्यांदा मशीनला गेले, तर नवी मुलगी घाईत होती.

“गोळी घेतली ना? चला, आत व्हा.”

मी दारातच उभी.

“मावशी, मागे लाइन आहे.”

“आधी हुंग,” म्हटलं, आणि मनगट पुढे केलं. मग चप्पल काढून पाऊलही.