प्रश्न आधी वाचायला शिकवणाऱ्या कासारेबाई

आदरणीय सुमन कासारेबाई यंदा पंचाहत्तरीत पदार्पण करत आहेत. या गौरवग्रंथात त्यांच्याविषयी लिहिण्याचा मान मला मिळाला, तो बहुधा मी त्यांची सर्वांत हुशार विद्यार्थिनी होते म्हणून नसावा. सर्वांत जास्त वेळा निबंध परत मिळालेली विद्यार्थिनी मीच होते, एवढे मात्र नक्की.

बाई महाडच्या कनिष्ठ महाविद्यालयात तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञान शिकवत. मी पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या, आंबेनळी घाटाच्या बाजूच्या एका सात घरांच्या वाडीतली. वाडी उतरून पोलादपूर, तिथून एसटीने महाड, असा माझा रोजचा प्रवास. अकरावीला तर्कशास्त्र घेतले ते केवळ त्या तासाची वेळ माझ्या एसटीला जुळत होती म्हणून. पहिल्याच दिवशी मी उशिरा पोचले. बाईंनी विचारले, "उशीर का झाला?" मी म्हणाले, "गाडी लेट होती." त्या म्हणाल्या, "बस. उद्यापासून तुझी जागा दाराजवळची. आत येताना कुणाची तंद्री मोडायला नको आणि तुलाही लाजायला नको." त्या बाकावर मी दोन वर्षे बसले. ही आमची पहिली ओळख.

बारावीच्या सुरुवातीला एका आंतरमहाविद्यालयीन निबंध स्पर्धेचा विषय आला: 'मला माहीत आहे, असे आपण केव्हा म्हणू शकतो?' माझे अक्षर चांगले होते, पाठांतर त्याहून चांगले. मी सहा पाने लिहिली. ज्ञान हा माणसाचा तिसरा डोळा आहे इथून सुरुवात करून ज्ञानाविना समाज आंधळा आहे इथे शेवट केला. दोन दिवसांनी वही परत आली. खाली बाईंनी लिहिले होते, 'अक्षर सुंदर. भाषा ओघवती. निबंध ज्ञानाच्या महत्त्वावर आहे. प्रश्न महत्त्वाबद्दल नव्हता.'

मला रडू आले. बाईंनी मला शिक्षकांच्या खोलीत बोलावले आणि पेन्सिल हातात दिली.

"प्रश्नातल्या ज्या शब्दाशिवाय प्रश्न बदलेल, त्याच्याखाली रेघ मार."

मी 'माहीत'खाली रेघ मारली.

"बाकीचे काढले तर चालतील?"

मी पुन्हा वाचले आणि 'केव्हा'खाली रेघ मारली.

"केव्हा म्हणजे किती वाजता?"

मला हसू फुटले. "नाही बाई. केव्हा म्हणजे... काय काय असेल तर."

"म्हणजे अट विचारली आहे. तुझ्या सहा पानांत एक तरी अट आहे का?" नव्हती. मग 'आपण' म्हणजे कोण, एकटी मी की सगळे मिळून, यावर दहा मिनिटे गेली. 'म्हणू शकतो' म्हणजे नुसते तोंडाने म्हणता येणे, की तसे म्हणण्याचा हक्क असणे, यावर तर मधली सुट्टी संपली. शेवटी त्या म्हणाल्या, "आता तुला अगदी खात्रीने माहीत असलेली एक गोष्ट सांग. पुस्तकातली नको."

मी पटकन म्हणाले, "आमच्या वाडीच्या वर डोंगराला भेग पडलीय, ती वाढतेय."

"कशावरून?"

"आबा म्हणतात."

"मग तुला एवढंच माहीत आहे, की आबा तसं म्हणतात. आबांना कशावरून माहीत आहे, ते विचारून ये."

त्या संध्याकाळी मी आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना विचारले. आबा भातशेती करणारे, शाळा चौथीपर्यंत. इतकी वर्षे घरात राहून मी त्यांना असा प्रश्न कधी विचारला नव्हता. ते मला वर घेऊन गेले. आदल्या पावसाळ्यात त्यांनी भेगेच्या दोन्ही अंगांना ऐनाच्या लाकडाचे दोन खुंट ठोकले होते. दर रविवारी ते या खुंटापासून त्या खुंटापर्यंत सुंभ ताणत आणि जिथे पोचेल तिथे गाठ मारत. उन्हाळाभर गाठ एकाच जागी पडली होती. पाऊस लागल्यापासून प्रत्येक गाठ आधीच्या गाठीच्या बोटभर पुढे होती. ग्रामसभेत आबा बोलले होते, पण खुंट-गाठींचे न सांगता 'डोंगर पडणार' एवढेच बोलले होते, आणि लोक म्हणाले होते, "डोंगर काय आज हाय काय? आजा-पणजापासून हाय. पडायचा असता तर कवाच पडला असता."

मी सगळे लिहून काढले. आबांचे बोलणे त्यांच्याच शब्दांत घेतले: 'भेग वाढत्ये, ह्ये मला ठाव हाय.' बाईंनी निबंध वाचला. फक्त 'ठाव' हा शब्द खोडून वर 'माहीत' लिहिले. मग वही मिटून म्हणाल्या, "तुमच्या वाडीला यायला रविवारी गाडी कोणती?"

रविवारी बाई खरेच आल्या. पावसात, साडीचा काठ खोचून, चिखलातून तासभर चढून. आबांनी त्यांना खुंट दाखवले, गाठी दाखवल्या. बाईंनी प्रत्येक गाठ स्वतः बोटाने मोजली.

"आबा, डोंगर पडणार हे तुम्हाला माहीत आहे का?"

"नाय बाई. पडल का ऱ्हाईल ते कोन सांगनार? पन भेग वाढत्ये ह्ये मला ठाव हाय."

"ठाव म्हणजे माहीतच ना?"

आबांनी मान हलवली. "नाय. माहीत हाय म्हंजे कुनीतरी सांगितलं. ठाव हाय म्हंजे पान्यात उतरलो नि पाय तळाला टेकला."

बाईंनी तो शब्द एकदा स्वतःशी म्हणून पाहिला. मग आमच्या ओटीवर बसून त्यांनी माझ्याकडून तहसीलदारांच्या नावे अर्ज लिहून घेतला. वाडीने आधी एक अर्ज केला होता. त्यात 'डोंगर कोसळणार आहे, तरी मायबाप सरकारने आम्हांस वाचवावे' असे होते. नव्या अर्जात कोसळण्याचा शब्द नव्हता. भेग कुठे आहे, कोण मोजतो, कसे मोजतो, कोणत्या रविवारी किती वाढली, आणि 'खुंट व सुंभ जागेवर आहेत, येऊन पाहावे' एवढेच होते. आबांना तो अर्ज मिळमिळीत वाटला. "येवढ्यानं कोन येनार?" बाई म्हणाल्या, "जे आपल्याला ठाऊक आहे तेवढंच लिहू. ते खोटं कुणाला म्हणता येणार नाही."

सोमवारी वर्गात बाईंनी शिकवायला सुरुवात करण्याआधी सांगितले, "गेल्या आठवड्यात मी एका वहीतला एक शब्द खोडला. प्रमाणभाषेत बसत नाही म्हणून. तो खोडायला नको होता. त्या मुलीच्या वडिलांना त्या शब्दाचा अर्थ माझ्यापेक्षा बरोबर कळलेला आहे." आणि त्यांनी फळ्यावर दोन शब्द शेजारी शेजारी लिहिले, माहीत आणि ठाव, आणि तो पूर्ण तास त्या दोन शब्दांवर घेतला. एवढ्या विद्वान बाई भर वर्गात आपली चूक सांगतात आणि त्यात आपल्या आबांचा दाखला देतात, हे दाराजवळच्या बाकावरून ऐकताना माझे कान तापले होते. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटले, आपण शिक्षिका व्हावे.

अर्जावर पाहणीला तहसीलची माणसे आली. त्यांनीही सुंभ ताणून पाहिला, आणि सातही घरांना पावसाळ्यापुरते खालच्या शाळेत हलायला सांगितले. कुरकुर झाली. आमची आई दोन दिवस आबांशी बोलली नाही. तिचे म्हणणे, चुलीची राख गरम असताना घर सोडायचे नसते. तरी सगळे उतरले, गुरे उतरली. नागपंचमीच्या दोन दिवस आधी, भरदुपारी, वरून मोठा घरघराट झाला. डोंगराचा तो भाग सरकून खाली आला. तीन घरे, दोन गोठे आणि आमचे वरचे भाताचे खाचर मातीखाली गेले. माणूस एकही नाही, जनावर एकही नाही. आम्ही शाळेच्या व्हरांड्यातून पाहत होतो. आई आबांचा हात घट्ट धरून उभी होती.

स्पर्धेत माझ्या निबंधाला बक्षीस मिळाले नाही. परीक्षकांचा शेरा होता, 'स्थानिक तपशील फार.' मी चिडले. बाई म्हणाल्या, "चिडण्याआधी वाचू. त्यांचं काही बरोबर आहे का पाहू." आम्ही पुन्हा वाचले आणि बाईंनी एक जागा दाखवली: आबांचे मोजणे कुठे चुकू शकले असते, हे मी लिहिलेच नव्हते. खुंटच हलला असता तर? सुंभ भिजून आखडला असता तर? "ते लिहिलं असतंस तर निबंध पुरा झाला असता," त्या म्हणाल्या. बाईंचे प्रेम असे. डोंगर पडल्यावरही त्यांनी मला गुण वाढवून दिले नाहीत.

आज मी पोलादपूरला शाळेत मराठी शिकवते. परीक्षेच्या आधी मुलांना उत्तरे कमी आणि प्रश्न जास्त वाचायला लावते. माझ्यासारखे बाईंचे विद्यार्थी महाड, शिवथर, पोलादपूर, मुंबई, जिथे असतील तिथे आहेत. कुणी परिचारिका, कुणी वकील, कुणी रिक्षा चालवतो. एकदा पुराचे पाणी बाईंच्या घरात छातीएवढे चढले आणि सर्व वर्षांचे प्रश्न, टिपणे, वह्या गाळात गेल्या. बाईंनी कुणाकडे मदत मागितली नाही. पण महिन्याभरात जुने विद्यार्थी आपापल्या वह्या घेऊन येऊ लागले. कुणी माळ्यावरून शोधली, कुणी माहेरून मागवली. आज बाईंच्या कपाटात त्यांची स्वतःची एकही वही नाही, पण त्यांनी शिकवलेले जवळजवळ सगळे आहे, एकोणतीस वेगवेगळ्या हस्ताक्षरांत. त्या वह्यांतल्या शुद्धलेखनाच्या चुका त्या अजून सुधारत असतात.

गौरव समितीने या ग्रंथासाठी आधी 'ज्ञानतपस्विनी' हे नाव ठरवले होते. मी ते विचारायला बाईंकडे गेले. गुडघ्यांसाठी महाडजवळच्या सवच्या गरम पाण्याच्या कुंडावरून त्या नुकत्याच आल्या होत्या. केस ओले, हातात चहाचा कप. म्हणाल्या, "तप? कुठलं तप गं? मी दुपारी दोन तास झोपते. जे खरं आहे ते लिहा." समितीत बरीच चर्चा झाली आणि नाव मागे घेतले गेले. वाचकांच्या हातातला ग्रंथ म्हणूनच नुसता 'कासारेबाई' या नावाचा आहे.

बाईंना आशीर्वाद देण्याचे माझे वय नाही. म्हणून लेख संपवण्याआधी वाडीवर जाऊन आले. आमची वाडी आता खालच्या सपाटीला नीट वसली आहे. आबांनी ऐंशी पार केली आहे, भाताची लावणी अजून बांधावर उभे राहून करून घेतात. त्यांना विचारले, बाईंना काय लिहू? त्यांनी विळा खाली ठेवला, हात धोतराला पुसले, आणि म्हणाले, "लिही, का मी तुमच्याहून मोठा हाय, म्हनून सांगतो. तब्बेत सांभाळा. नि पावसाळा सरला का चार दिस ऱ्हायला या. नव्या तांदळाचा भात खाऊन जा. दर साल या."

दर साल. आमच्या वाडीची, आणि आम्हा सर्व विद्यार्थ्यांची, बाईंकडे एवढीच मागणी आहे.