नळीतली तिसरी वस्तू

प्लेगच्या साली गिरगावातल्या आमच्या चाळीत सरकारी माणसं घरं धुवायला आली. त्यांच्या पंपाची एक नळी पाण्याच्या पिंपात होती आणि दुसरी काळ्या औषधाच्या डब्यात. पुढच्या तोंडातून मात्र दुधासारखी पांढरी धार उडायची. यात काहीतरी लबाडी आहे, असा संशय मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना आला, आणि मलाही. मामंजी कचेरीत कारकून होते, पुराव्याशिवाय बोलत नसत. त्यांनी थोडं औषध मागून आणलं, माझ्या चांगल्या पातेल्यातल्या पाण्यात ओतलं आणि पळीनं ढवळलं. काळे थेंब तेलासारखे तरंगत राहिले.

"पाहिलंस, सूनबाई? नळीत तिसरं काहीतरी घालतात."

पातेलं तर बाटलंच होतं. मी ते रागानं पंपवाल्यापुढे नेऊन आदळलं. त्यानं औषधाची नळी डब्यातून काढली आणि नुसत्या पाण्याची धार त्यात सोडली. निम्मं माझ्या लुगड्यावर उडालं. उरलेलं पाहता पाहता पांढरं झालं.

मामंजी पातेल्यावर वाकले. "म्हणजे तिसरं आहेच," ते म्हणाले. "जोर."

औषधावरचा माझा संशय तिथंच फिटला. जोरावरचा मात्र वाढला, कारण पंपवाले आता आमच्या दाराकडे वळले होते.