त्या महिन्याची आई

आधी माफी मागतो. लिहिण्याचा माझा काही अधिकार नाही. मी कोल्हापुरात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझ्या आधी आपल्या परिवारातलं कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही, त्यामुळे असं काही लिहायचं तर सुरुवात कुठून करावी, हे विचारायलाही माणूस नाही. तरी वर डोंगरावर राहिलेल्या माईंनो, आणि त्या दिवशी माझ्याबरोबर गाडीत बसवलेल्या भावंडांनो, हे तुमच्यासाठी आहे. बाकीच्यांनाही समजावं म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

त्या सकाळी गगनबावड्याच्या वरच्या अंगाला, आमच्या वस्तीत इतकं धुकं होतं की गाड्या आधी ऐकू आल्या आणि मग दिसल्या. पोलीस, बालकल्याणवाले, आणि एक कॅमेरावाला. आम्ही पोरं भाकरी खात बसलो होतो. एक कॉन्स्टेबल मावशी माझ्यासमोर वाकल्या आणि म्हणाल्या, "बाळा, तुजी आई कंची रं?"

मी सुमनमाईकडं बोट केलं. तिनं मान खाली घातली. कुणीतरी तिचं नाव लिहून घेतलं, आणि मला उचलून गाडीत ठेवलं. हातातली भाकरी तशीच होती. घाट उतरताना ती सगळी ओकून टाकली. घर सोडण्याची माझी आठवण एवढीच आहे.

ते बोट चुकीचं होतं. का, ते सांगतो.

आमच्या बाबांच्या, म्हणजे वस्तीच्या गुरूंच्या, सहा बायका होत्या, आणि त्यांच्या जवळच्या शिष्यांच्या प्रत्येकी तीन-चार. प्रत्येक बाईची चूल वेगळी. पौर्णिमेला आम्हा पोरांच्या वळकट्या एका चुलीवरून पुढच्या चुलीवर जायच्या. जिच्या चुलीवर जेवायचं, ती त्या महिन्याची आई. जन्म कुणी दिला, हे पोराला सांगायचं नाही असा नियम होता. "आई हे नाव देवाचं हाय, बाईचं न्हाय," असं बाबा म्हणायचे. 'माझं' म्हणणं हे वस्तीतलं सगळ्यात मोठं पाप. बाबांच्या बायका मात्र कुठल्या पौर्णिमेला हलल्याचं मला आठवत नाही. त्या फक्त वाढत गेल्या. गादी बाबांची, तूप बाबांचं, कुलूप लावलेला फ्रीजही बाबांचा. एवढा त्यागी माणूस मी पुन्हा पाहिला नाही. त्यागाचं सगळं काम त्यानं दुसऱ्यांना वाटून दिलं होतं.

तर त्या सकाळी आम्ही सगळ्याच पोरांनी त्या महिन्याच्या आईकडं बोट केलं. खोटं कुणीच बोललं नाही. बायकांना बाबांनी आधीच बजावलेलं होतं, कुणी विचारलं तर 'देवाचं लेकरू' म्हणायचं, आणि त्या तेवढंच म्हणाल्या. इतक्या शिकलेल्या माणसांना त्यापुढचा एक प्रश्न सुचला नाही.

आम्हाला नेलं ते चुकलं, असं मी म्हणत नाही. चौदा वर्षांच्या एका ताईचं लग्न बाबांच्या साठीतल्या शिष्याशी ठरवलं होतं. ती एकटी घाट उतरून खाली गेली, म्हणून हे सगळे वर आले. धाडस तिचं. पेपरात मात्र साहेब लोक ओळीनं उभे, हसरे, आणि त्यांच्यापुढं आम्ही, डोळ्यांवर काळ्या पट्ट्या मारलेले. वर मथळा होता, 'नरकातून सुटका'. त्यात ताईबद्दल एक ओळ नव्हती. बाबा आता जामिनावर बाहेर आहेत आणि यूट्यूबवर मातृभक्तीवर प्रवचन देतात. खाली लोक हात जोडलेली चित्रं टाकतात. मी एकदा अर्धं ऐकलं आणि मोबाईल उशीखाली दाबून ठेवला, जणू तो तिथून बोलायचा थांबेल.

बालगृहात पहिल्यांदा स्वतःची कॉट मिळाली. ट्यूबलाईट, पाव, दात घासायची पेस्ट, सगळं नवं. पहिल्या पौर्णिमेला मी वळकटी बांधून दारात जाऊन बसलो. वॉचमननं विचारलं, "कुठं निघालं, पावणं?"

"पुढच्या आईकडं," मी म्हणालो.

तो इतका हसला की त्यानं आतून दोघा-तिघांना बोलावून आणलं, आणि मला ते पुन्हा म्हणायला लावलं. मी पुन्हा म्हणालो. त्यात हसण्यासारखं काय आहे, ते मला कळत नव्हतं.

मग सुमनमाई भेटायला येऊ लागली. बालकल्याण समितीनं तिला बोलावलं, म्हणून बाबांचा हुकूम मोडून ती डोंगर उतरली होती. परतीची वाट बंद झाली, तशी कबनूरला यंत्रमागाच्या शेडमध्ये सुताच्या कांड्या भरायच्या कामाला लागली. भेटीच्या वेळी अधीक्षक मॅडम समोर खुर्ची टाकून बसायच्या. "मिठी मार की रे आईला, लाजतोस काय?" आम्ही दोघं मिठी मारायचो, आणि ती माझ्या कानात विचारायची, "दगडू दिसला का रं कुठं?"

दगडू तिचा मुलगा. तेव्हा मला समजलं की मी तिचा नाही. दगडूनं त्या सकाळी दुसऱ्याच माईकडं बोट केलं होतं आणि त्याला दुसऱ्या जिल्ह्यात पाठवलं होतं. मी मॅडमना जाऊन सांगितलं की ही माझी आई नाही. त्यांनी मला समोर बसवून समजावलं, "आई गरीब असली म्हणून असं बोलू नये, बाळा." पुढच्या भेटीत सुमनमाई घाबरून म्हणाली, "माझी भेट बंद करशील व्हय? हितं आल्यावर कदी तरी त्याची खबर लागंल." मग मी गप्प झालो. ती दुसऱ्याच्या पोराला मिठी मारून स्वतःच्या पोराची वाट बघत राहिली, आणि मॅडमना वाटत राहिलं की आमचं हळूहळू जमतंय.

अठरा पुरी झाल्यावर मी बाहेर पडलो. तेव्हा तिला सरळ विचारलं, "मग माझी कोण?" तिनं हात जोडले. "दगडू सापडू दे. आत्ता बोलले तर कोर्टात म्हणतील ही बाई पयल्यापासनं खोटं बोलती, आणि माझं मला कदीच द्यायचं न्हाईत." मी वाट बघायचं ठरवलं. दुसरं काही येतही नव्हतं.

हॉस्टेलवर माझा रूममेट सगळं ऐकून म्हणाला, "लेका, मज्जा होती की तुझी! आमची एकच हाय तर दिवसभर बोंबलती, तुला तर डझनभर!" मीही हसलो. तो वाईट मुलगा नाही. दिवाळीत हॉस्टेल रिकामं होतं तेव्हा तो जाताना विचारतो, तू घरी कधी जाणार? मी म्हणतो, बघू. वस्तीला घर म्हणायची मला किळस येते. बालगृहाला घर म्हणायचे ते फक्त पंधरा ऑगस्टला आलेले पाहुणे. एवढंच समजलंय की जिथं 'माझं' म्हटल्यावर कुणी रागावत नाही, ती जागा घर असावी. अशी जागा मी पाहिलेली नाही, त्यामुळे खात्रीनं सांगता येत नाही.

परवा दुपारी मेसमध्ये ताट वाढून घेतलं आणि सुमनमाईचा फोन आला. पाठीमागं मागांचा खडखडाट, आणि त्यावर ती ओरडत होती. "दगडू आला रं! दोन दिस झालं, दारात हुबा ऱ्हायला, मी वळखलाच न्हाई त्येला!" मग रडली, मग हसली, मग म्हणाली, "आता ऐक. आता मला कुणाच्या बापाचं भ्या न्हाई. तुला जलम दिला शांतानं."

शांतामाई मला आठवली, पण बाकीच्या आठवतात तेवढीच. भाजीत तिखट कमी घालायची. त्यापलीकडं काही नाही.

"तुला ताप आलता," सुमनमाई सांगत होती. "पुनव झाली तरी तिनं तुला पुढच्या चुलीवर धाडला न्हाई. म्हणाली, माझं पोर हाय, बरं झाल्यावर बघू. *माझं* म्हणाली! मग काय, बाबानं तिची चूल इजवली, तिला कोठीत घातली, आन् तुला उचलून माझ्याकडं आणून टाकला. तवाच पोलीस आलं."

म्हणजे त्या महिन्यात शांतामाईच्या चुलीवर कुणी पोर जेवत नव्हतं. तिच्याकडं कुणाचं बोट गेलं नाही. सरकारच्या लेखी ती बिनलेकराची बाई. तिला ना समितीनं बोलावलं, ना कोर्टानं. एकानं तिची चूल विझवली आणि दुसऱ्यांनी विझलेली चूल बघून ठरवलं की इथं कुणी आई नाही.

"अजून तिथंच आहे?" मी विचारलं.

"न्हाई. मी दगडूला वर धाडला, त्यानं काल तिला खाली आणली. माझ्याच खोलीत हाय. फोन देते म्हटलं तर घेत न्हाई." मग ती म्हणाली, "म्हणती, आधी इचार, ताप उतरला का त्याचा?"