ओठाला लावलेला कागद

बाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी कराडच्या स्टँडवर होते. सांगलीला त्यांच्याकडेच निघाले होते... गाडी लागली, सुटली, मी बाकावरच बसून राहिले.

बाई आम्हाला कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायच्या. औंधजवळच्या आमच्या गावातून निघून पदवीपर्यंत पोचलेली घरातली पहिली मी, आणि तेही त्यांनी हात धरला म्हणून. त्यांना एक छंद होता. जुना फोटो कुठल्या जर्मन कागदावर छापलाय ते ओळखायचं. कोऱ्या फोटोपेपरची रसायनांचा मसाला लावलेली बाजू डार्करूमच्या अंधारात दिसत नाही, म्हणून कोपरा ओल्या ओठाला लावतात. मसाल्याची बाजू चिकटते. ही सवय त्यांना इतकी जडली होती की आमच्या उत्तरपत्रिकाही ओठाला जायच्या. "बाई चाखून मार्क देतात," असं आम्ही म्हणायचो.

माझ्या आईने तिच्या वडिलांना पाहिलेलं नाही. ती पोटात असताना ते दुसऱ्या महायुद्धात लढाईवर गेले ते परतलेच नाहीत. भिंतीवर पलटणीच्या वेषातला एक फोटो तेवढा. दोन वर्षांपूर्वी तिचा चुलतभाऊ सहज बोलून गेला, "आक्का, ह्यो तर आमच्या आबांचा फोटू हाय." त्याचे आबा म्हणजे आजोबांचे धाकटे भाऊ. तेही पुढे पलटणीत गेले, दोघांची चेहरेपट्टी एक. त्या दिवसापासून आईने हार घालणं सोडलं.

मी तिला घेऊन बाईंकडे गेले. बाईंनी फोटो काचेतून काढून नोटा तपासायच्या निळ्या दिव्याखाली धरला. कागद चमकला.

"चमकतो म्हणजे लढाईनंतरचा. हे चमकणारं रसायन कागदात त्यानंतरच घालायला लागले."

आई पदर सावरत उठली. "झालं मग. चल गं."

"आवं, बसा की," बाई मुद्दाम आईच्याच बोलीत म्हणाल्या. "हे कागदाचं झालं. माणसाचं अजून सांगायचंय." त्यांनी भिंग आईच्या हातात दिलं. कागद गुळगुळीत होता, पण चित्राच्या आत बारीक रेशमी वीण दिसत होती, तडेसुद्धा. "ही वीण आधीच्या कागदाची. हा फोटोचा फोटो आहे. मागचा फिकट जर्मन शिक्का लढाईनंतरच्या थोड्याच वर्षांतला. तेव्हाच मूळ फोटो जुना होऊन तडकला होता. तो मूळ फोटो काढला तेव्हा तुमचे चुलते पाटी घेऊन शाळेत जात असतील. म्हणजे हे तुमचे वडीलच."

आई बराच वेळ भिंगातून बघत राहिली... बाईंनी डब्यातून तशाच विणीचा एक कोरा तुकडा काढून तिला दिला. तिने त्यावर बोट फिरवलं.

"त्यो मूळचा फोटू आसाच लागला आसता व्हय हाताला?"

"असाच."

तो तुकडा अजून चौकटीच्या मागे खोचलेला आहे. परवा हार बदलताना आईने तो काढून माझ्यापुढे धरला. "तुज्या बाई कशा करायच्या गं?"

मी कोपरा ओठाला लावला. इतका जुना कागद... पण चिकटला. हळूच सोडवावा लागला.