बोर्डावरचा उलटा बाण

सोमवार, महापेची आमची लॅब. हजर: मी, साहेब आणि ऑडिटला आलेल्या एक बाई.

सांडपाण्यातलं तांबं अमोनिया घालून, निळ्या रंगावरून मोजायची पद्धत मी बसवली होती. अहवालावर नाव मात्र एकट्या साहेबांचं. ती पद्धत बाईंना समजावताना त्यांनी बोर्डावर तांब्याकडून अमोनियाकडे बाण काढला. खरं तर बाण देणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे हवा; इलेक्ट्रॉनची जोडी अमोनिया देतो, तांबं नुसतं घेतं.

बाई म्हणाल्या, "बाण उलटा नाही का?"

साहेब माझ्याकडे वळले. "मॅडम, सांगा ना यांना."

वर्षभर मी याच वाक्याची वाट पाहत होते.

"सर, पद्धत तुमची. मी काय सांगणार?"

त्यांचे कान लाल झाले. माझ्या यादीत त्या दिवसाचं एकच काम अजून बाकी आहे: बोर्डावरचा बाण सुलटा करणे.